गावठी कोंबड्यांच्या वजनावर काम करायचंय? आधी बाप कोण ते बघा

मी कळव्याचा. एमव्हीएस्सीला (पशुवैद्यकीची मास्टर्स) जेनेटिक्स घेतलं तेव्हा घरचे विचारायचे, कोंबड्या काट्यावर ठेवायला एवढं शिकलास का? खरंच पहिले काही महिने तेवढंच केलं, पहाटेची लोकल, कल्याणहून मुरबाडची एसटी आणि दाणा टाकायच्या आत वजनं. खाल्ल्यावर केलीत तर गळ्याखालची पिशवी भरलेली असते आणि काटा उगाच जास्त दाखवतो.

नवीन पोरांना वाटतं वजन म्हणजे सगळा जीन्सचा खेळ. असीलचा कोंबडा तीन-चार किलो, कडकनाथचा दीड-दोन, हे ठीक आहे, पण एकाच गावच्या कोंबड्यांत फरक का पडतो ते शोधताना डोकं फिरतं. एक दिवसाचं पिल्लू अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश भरतं, म्हणजे तुम्ही आईचं अंडंच मोजताय की, हा आईचा भाग पुढे हळूहळू ओसरतो. नर-माद्यांची सरासरी एकत्र काढू नका, वय वाढेल तसं अंतर वाढतं. आणि हॅचची, म्हणजे पिल्लं अंड्यातून निघाल्याची, तारीख लिहाच, कारण एप्रिलच्या उकाड्यात पिल्लं कमी खातात (उघड्या मानेवाल्यांना पिसं कमी, त्यांना जरा बरं पडतं), जुलैत खाली अंथरलेलं तूस ओलं होऊन कॉक्सी (आतड्याचा रोग) लागते, आणि आपण मात्र दोष देतो जातीला!

आता माझी चूक. हेरिटॅबिलिटी, म्हणजे वजनातल्या फरकात जीन्सचा वाटा किती, ते काढायला सोपी पद्धत म्हणजे एकाच बापाची, वेगवेगळ्या आयांची पिल्लं घ्यायची, बापाबापांतला व्हेरियन्स (आकडे किती पसरलेत त्याचं माप) चारने गुणायचा आणि एकूण व्हेरियन्सने भागायचा. पण गावात कोंबडी दिवसभर कोणाच्या उकिरड्यावर असते देव जाणे, म्हणून मी जाळीचे कप्पे केले, एका कप्प्यात एक कोंबडा आणि सहा-सात कोंबड्या. मग कोंबडे बदलले आणि तिसऱ्याच दिवसापासून अंडी उबवायच्या मशीनला लावली. पिल्लं निघाली, पंखांना बिल्ले लावले, रजिस्टर एकदम चकाचक, आणि तिथल्या मावशी सहज म्हणाल्या, "दादा, ही तर जुन्या कोंबड्याची ना?" कोंबडीच्या पोटात वीर्य दोन-तीन आठवडे टिकतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. अख्खी बॅच बाद.

आता कोंबडा बदलला की तीन आठवडे सगळी अंडी मावशींच्या घरी, भुर्जीला.