ब्रिटनमधील नोकरीत जेंडर-क्रिटिकल मतांना असलेले कायदेशीर संरक्षण कसे वापरावे

स्त्री आणि पुरुष हे भेद जैविक आहेत, ते बदलता येत नाहीत आणि कायद्यात व सार्वजनिक व्यवहारात या वास्तवाला महत्त्व आहे, अशी ठाम धारणा असणाऱ्यांना ब्रिटनमध्ये जेंडर-क्रिटिकल म्हटले जाते. अशा मतांमुळे नोकरीवर गदा आली तर कायदा काय सांगतो आणि काय करावे, हे तिथे काम करणाऱ्या मराठी माणसांनाही माहीत असायला हवे. रुग्णालयातील परिचारिका, शाळेतील साहाय्यक शिक्षिका आणि बँकेतील संगणक अभियंता या सर्वांवर तिथलाच कायदा लागू होतो. भारतातील अनुभवावरून बांधलेले अंदाज तिथे उपयोगी पडत नाहीत. पुढील विवेचन इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड यांना लागू आहे. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे.

या संरक्षणाचे मूळ इक्वॅलिटी ॲक्ट २०१० या कायद्यात आहे. त्याच्या कलम १० मध्ये धर्माबरोबरच तात्त्विक श्रद्धेलाही संरक्षण दिलेले आहे. मात्र प्रत्येक मत श्रद्धा ठरत नाही. टिम निकल्सन या कर्मचाऱ्याने हवामानबदलाविषयीच्या आपल्या धारणेसाठी ग्रेंजर या मालमत्ता कंपनीविरुद्ध दावा केला होता. त्या खटल्यात २००९ मध्ये नोकरीविषयक दाव्यांची अपिले ऐकणाऱ्या अपील न्यायाधिकरणाने पाच कसोट्या घालून दिल्या. श्रद्धा प्रामाणिकपणे बाळगलेली असावी. ती हाती आलेल्या माहितीवरून आज बनवलेले आणि उद्या बदलणारे मत नसावी. तिचा संबंध मानवी जीवनाच्या महत्त्वाच्या अंगाशी असावा. तिच्यात काही गांभीर्य आणि सुसंगती असावी. आणि लोकशाही समाजात ती आदरास पात्र असावी, म्हणजे ती मानवी प्रतिष्ठेशी किंवा इतरांच्या मूलभूत हक्कांशी विसंगत नसावी.

सारा वाद या पाचव्या कसोटीवर झाला. माया फॉरस्टेटर या संशोधिका सेंटर फॉर ग्लोबल डेव्हलपमेंट या संस्थेत काम करत असताना त्यांनी ट्विटरवर जेंडर रेकग्निशन ॲक्टमधील, म्हणजे व्यक्तीला कायद्याने आपले लिंग बदलून घेता येते त्या कायद्यातील, प्रस्तावित बदलांविषयी आपली मते मांडली. त्यांच्या कामाचे पुढे नूतनीकरण झाले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नोकरीविषयक दावे चालवणाऱ्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलने त्यांची श्रद्धा पाचव्या कसोटीवर टिकत नाही, असा निर्णय दिला. १० जून २०२१ रोजी अपील न्यायाधिकरणाने तो निर्णय फिरवला. नाझीवाद किंवा सर्वंकष हुकूमशाही यांच्या जवळ जाणाऱ्या श्रद्धाच या कसोटीवर बाद होतात, आणि एखादे मत काहींना दुखावणारे असले तरी तेवढ्याने ते संरक्षणाबाहेर जात नाही, असे त्यात स्पष्ट केले गेले. पुढे २०२२ मध्ये त्यांच्याशी भेदभाव झाल्याचे सिद्ध झाले आणि २०२३ मध्ये त्यांना व्याजासह एक लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. तेव्हापासून जेंडर-क्रिटिकल श्रद्धा संरक्षित आहे का, या प्रश्नावर नव्याने वाद घालण्याची गरज सहसा पडत नाही. खरा प्रश्न पुढचा असतो: मालकाने आपल्यावर कारवाई केली ती श्रद्धेमुळे, की ती श्रद्धा आपण ज्या रीतीने व्यक्त केली त्या रीतीमुळे?

हा फरक मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण बहुतेक दावे याच मुद्द्यावर जिंकले किंवा हरले जातात. डॉ. डेव्हिड मॅकेरेथ यांनी श्रम व निवृत्तिवेतन खात्यात रुजू होताना, ट्रान्स व्यक्तींसाठी त्यांना हवी असलेली सर्वनामे आपण वापरणार नाही, असे सांगितले. २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने त्यांची श्रद्धा संरक्षित मानली, तरीही त्यांचा दावा फेटाळला गेला. गरजू आणि हळव्या अवस्थेतील नागरिकांशी वागण्याच्या कामात त्या श्रद्धेच्या अशा प्रकटीकरणाला मर्यादा घालणे योग्य ठरले. उलट क्रिस्टी हिग्स यांचे प्रकरण पाहा. ग्लॉस्टरशायरमधील एका शाळेत काम करणाऱ्या हिग्स यांनी २०१८ मध्ये आपल्या खासगी फेसबुक खात्यावर शाळांतील लैंगिक शिक्षणाविषयी काही मजकूर टाकला, त्यातला बराचसा इतरांनी लिहिलेला होता. तक्रार झाली आणि त्यांना काढून टाकले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने ही बडतर्फी भेदभावाची ठरवली. मजकुराची भाषा काहीशी आक्षेपार्ह असली, तरी ती त्यांची स्वतःची नव्हती, शाळेची बदनामी झाल्याचा पुरावा नव्हता आणि विद्यार्थ्यांशी त्या पक्षपाताने वागतील असे कोणी म्हणत नव्हते. त्यामुळे बडतर्फी हा प्रमाणाबाहेरचा उपाय होता, असे न्यायालयाने म्हटले.

यातून व्यवहारासाठी निघणारा धडा असा की, बोलण्याआधी किंवा लिहिण्याआधी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. मी कशाविषयी बोलत आहे: धोरणाविषयी, कायद्याविषयी, की समोर काम करणाऱ्या एका व्यक्तीविषयी? माझा सूर कसा आहे? हे माझे वैयक्तिक मत आहे, संस्थेचे नव्हे, हे वाचणाऱ्याला कळते का? मी ज्यांच्याशी बोलतो ते माझ्या हाताखालचे आहेत का, माझे रुग्ण किंवा विद्यार्थी आहेत का? न्यायाधिकरणेही याच गोष्टी तोलतात. ‘महिलांच्या कपडे बदलण्याच्या खोलीबाबतचे धोरण जैविक लिंगावर आधारित असावे असे मला वाटते,’ असे विचारविनिमयाच्या बैठकीत शांतपणे सांगणे आणि एका ट्रान्स सहकाऱ्याला दररोज मुद्दाम चुकीच्या सर्वनामाने हाक मारणे, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. दुसरे वर्तन छळ ठरू शकते, कारण त्याच कायद्याचे कलम ७ लिंगबदलाच्या प्रक्रियेत असलेल्या, ती पूर्ण केलेल्या किंवा ती करू इच्छिणाऱ्या व्यक्तींना संरक्षण देते. फॉरस्टेटर निकालातही हे स्पष्ट म्हटले आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फॉर विमेन स्कॉटलंड या महिला हक्क गटाच्या खटल्यात या कायद्यातील लिंग म्हणजे जैविक लिंग असा अर्थ लावला, तेव्हाही ट्रान्स व्यक्तींचे हे संरक्षण कायम असल्याचे सांगितले. आपल्या हक्कासाठी लढताना ही बाजू विसरणे दाव्यालाही मारक आहे आणि माणूस म्हणूनही योग्य नाही.

आता कारवाईची चाहूल लागली तर काय करावे. पहिल्याच दिवशी तारखांची वही सुरू करावी. कोण, कधी, कुठे, काय म्हणाले, समोर कोण होते, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवावे. पुढे दोन वर्षांनी साक्ष देताना आठवणीपेक्षा या नोंदी कितीतरी विश्वासार्ह वाटतात. चौकशीची पत्रे, ई-मेल आणि समाजमाध्यमांवरील आपला मजकूर जसाच्या तसा जपावा. घाबरून काहीही पुसून टाकू नये, कारण पुसलेला मजकूर विरोधी पक्षाच्या हातात तसाही असतो आणि पुसण्याची कृती संशय वाढवते. कार्यालयातील गोपनीय कागद मात्र स्वतःच्या ई-मेलवर पाठवू नयेत, त्यासाठी वेगळी शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आपल्याविषयी संस्थेत काय लिहिले गेले आहे हे पाहायचे असेल, तर माहिती-संरक्षण कायद्याखाली स्वतःच्या माहितीची मागणी करावी. ती विनामूल्य आहे आणि सामान्यतः एका महिन्यात उत्तर द्यावे लागते.

शिस्तभंगाच्या सुनावणीला कामगार संघटनेचा प्रतिनिधी किंवा सहकारी सोबत नेण्याचा हक्क आहे, तो वापरावा. सुनावणीत आपली श्रद्धा थोडक्यात आणि नेमकी सांगावी, ती इक्वॅलिटी ॲक्टच्या कलम १० खाली संरक्षित आहे हे लेखी नोंदवावे आणि मग एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा: माझ्या कोणत्या शब्दांमुळे, कोणत्या सहकाऱ्याला, नेमकी काय हानी झाली? अनेक संस्थांकडे याचे उत्तर नसते. भेदभावाची तक्रार, जिला तिथे ग्रीव्हन्स म्हणतात, ती लेखी द्यावी. अशी तक्रार केल्यामुळे आपल्याला त्रास दिला गेला, तर ते कलम २७ खाली वेगळे बेकायदा कृत्य ठरते, मात्र तक्रार खोटी आणि वाईट हेतूने केलेली नसावी. सूडाविरुद्धच्या या संरक्षणाकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, पण काही वेळा मूळ दाव्यापेक्षा तेच सिद्ध करणे सोपे जाते.

मालकाने स्वतः काही केले नाही, पण सहकाऱ्यांनी बहिष्कार टाकला, तरीही रस्ता बंद होत नाही. ओपन युनिव्हर्सिटीतील गुन्हेशास्त्राच्या प्राध्यापक जो फिनिक्स यांनी जेंडर-क्रिटिकल संशोधनाचा गट सुरू केला, तेव्हा तीनशेहून अधिक सहकाऱ्यांनी त्याविरुद्ध जाहीर पत्रावर सह्या केल्या. विद्यापीठाने त्यांना संरक्षण दिले नाही, आणि जानेवारी २०२४ मध्ये ट्रायब्युनलने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच महिन्यात रेचल मीड या समाजसेविकेनेही वेस्टमिन्स्टर कौन्सिल आणि आपल्या व्यवसायाची नियामक संस्था सोशल वर्क इंग्लंड, या दोन्हींविरुद्ध दावा जिंकला. तिचा सगळा ‘अपराध’ खासगी फेसबुक खात्यावर मोजक्या मित्रमंडळींना दिसणारा मजकूर हा होता. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक अशा नोंदणीकृत व्यवसायांतील वाचकांनी हा निकाल लक्षात ठेवावा, कारण तक्रार केवळ मालकाकडे नव्हे, नियामकाकडेही जाते आणि तिथेही हाच कायदा लागू होतो.

मुदतीविषयी अतिशय काटेकोर राहावे लागते. ट्रायब्युनलमध्ये दावा करण्यापूर्वी नोकरीतील वाद मिटवणाऱ्या ॲकॅस या संस्थेकडे समेटाच्या प्रक्रियेसाठी नोंद करणे बंधनकारक आहे, आणि ती नोंद भेदभावाच्या कृतीपासून तीन महिन्यांना एक दिवस कमी इतक्या अवधीत करण्याचा नियम चालत आला आहे. ही मुदत वाढवण्याचा कायदा संसदेने केला आहे. तरीही जुनीच मुदत लागू आहे असे धरून चालण्यात शहाणपण आहे. संस्थेतील अपील चालू असले म्हणून ही मुदत थांबत नाही, आणि अनेकांचे नुकसान नेमके याच गैरसमजातून होते. भेदभावाच्या दाव्यासाठी ठरावीक काळ नोकरी झालेली असण्याची अट नाही. नोकरीचा उमेदवार, परिवीक्षेवरील कर्मचारी आणि कंत्राटी कामगार यांनाही तो करता येतो. दाव्याचे शुल्क नाही, पण वकिलाचा खर्च मोठा असतो, म्हणून आपल्या घरविम्यात कायदेशीर खर्चाचे संरक्षण आहे का, हे आधी पाहावे, आणि संघटनेचे सदस्यत्व तक्रार येण्यापूर्वीच घेतलेले असावे.

मालकाने प्रायोजित केलेल्या व्हिसावर असलेल्यांना एक वेगळी काळजी असते. नोकरी गेली की गृहखाते नवा प्रायोजक शोधण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी साधारणतः ६० दिवसांची मुदत देते, आणि या भीतीने अनेक जण अन्याय मुकाट्याने सोसतात किंवा पहिल्या दबावातच राजीनामा देतात. राजीनाम्याचे पत्र घाईने देऊ नये, कारण राजीनाम्यामुळे बडतर्फीचा मुद्दा गुंतागुंतीचा होतो. व्हिसाचा सल्ला आणि रोजगाराचा सल्ला यांसाठी दोन वेगळे जाणकार गाठावेत. आपण देशाबाहेर गेलो तरी दावा चालू राहू शकतो, एवढे ध्यानात ठेवावे.

बरेच दावे सुनावणीपूर्वी तडजोडीत मिटतात. ॲकॅसमार्फत करार होत असेल, तर केवळ रकमेकडे पाहू नये. पुढील नोकरीसाठी दिले जाणारे शिफारसपत्र कोणत्या शब्दांत असेल, ते करारालाच जोडून घ्यावे, शिस्तभंगाची नोंद काढून टाकली जाईल हे लिहून घ्यावे, आणि आपण आपली मते पुढेही व्यक्त करू शकतो की नाही याविषयीचे कलम सही करण्यापूर्वी वकिलाकडून वाचून घ्यावे.