जुना रेडिओग्राम सुरू करताय? या चुका टाळा

सोलापुरात जुनं घर पाडायला निघालं की जिन्याखालून नाहीतर माळ्यावरून एखादा लाकडी पेटारा निघतोच: रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर एकाच पेटीत असलेला रेडिओग्राम. वर उचलायचं झाकण, त्याखाली रेकॉर्डची ताटली, पुढे काचेची डायल, बाजूला रेकॉर्ड उभ्या ठेवायचा कप्पा. आमचा साखर पेठेतल्या मामांकडून आला. टेम्पोतून उतरवला, पुसला, संध्याकाळी सगळे जमले आणि मी प्लग लावला. दोन मिनिटं घरघर, मग जळका वास, मग जाळीतून धूर. मामी ओरडल्या, "अरे, बंद कर ते आधी!" दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आले. झाकण उघडायच्या आधी त्यांनी एकच विचारलं, "प्लग कोणी लावला?"

तीच पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. व्हॉल्व्हच्या, म्हणजे तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या सेटमध्ये 250 ते 300 व्होल्टचा डीसी दाब फिरतो. तो सपाट करणारे मोठे कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) वर्षानुवर्षं पडून राहिले की आतून सुकतात. कागदी कंडेन्सर ओल धरून गळू लागतात. यातला एक फार घातकी. आधीच्या व्हॉल्व्हचा आवाज शेवटच्या आउटपुट व्हॉल्व्हकडे पोचवणारा हा कंडेन्सर गळला की आउटपुट व्हॉल्व्ह क्षमतेबाहेर करंट ओढतो, आतली पट्टी लाल होते आणि तो जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. कंडेन्सर काही रुपयांचा. ट्रान्सफॉर्मर मात्र गुंडाळून घ्यावा लागतो. म्हणून जुने कागदी कंडेन्सर मोजत बसू नका, सरळ बदला.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून. 60 किंवा 100 वॅटचा तारेचा बल्ब सेटच्या वायरीत मालिकेत जोडायचा. तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे. इथेही लोक फसतात: एलईडी बल्ब लावतात. त्याचा काही उपयोग नाही, तारेचाच हवा. हल्ली तो शोधावा लागतो, पण मिळतो.

सेटच्या मागे व्होल्टेजची निवड असते, 200, 220, 240 अशी. मामांचा सेट 220 वर होता. आजच्या घरगुती विजेसाठी तो 240 वर घ्यावा, नाहीतर सगळे व्हॉल्व्ह उगाच तापत राहतात. हे काम मिनिटाचं, तरी बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आणखी एक: स्पीकरची वायर काढून सेट "फक्त पेटतोय का" हे बघायला चालू करू नका. भाराशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर फुटू शकतो. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये दाब शिल्लक राहतो, तेव्हा हात घालायची घाई नको. काही सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि चेसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट लाइनला लागलेली असते. हे ओळखता येत नसेल तर जाणकार माणूस बोलवा. इथे हौस करायची नसते.

आता ताटलीकडे. चेंजरची, म्हणजे रेकॉर्ड आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेची, ताटली स्प्रिंगवर तरंगलेली असते आणि वाहतुकीत ती हलू नये म्हणून वरून स्क्रू असतात. टेम्पोत घालताना ते घट्ट करायचे, घरी आल्यावर सैल. आमचे घट्टच राहिले. आवाज वाढवला की पेटीतल्या स्पीकरचा थरथराट ताटलीवाटे सुईत शिरायचा आणि सगळं भोंग्यासारखं ओरडायचं. आम्ही दोन दिवस अ‍ॅम्प्लिफायरला दोष देत होतो.

चेंजर अडकला तर आर्म हाताने ढकलू नका. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते पुसून काढा, मोटरच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. मोटरची फिरकी ताटलीला देणाऱ्या आयडलरच्या रबरी चाकाला मात्र तेलाचा स्पर्शही नको. घसरायला लागलं की वेग बिघडलाच. वेग तपासायला स्ट्रोबोस्कोपची, म्हणजे रेघा छापलेली, चकती मिळते. 50 हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला 33⅓ फेऱ्यांसाठी (एलपी) 180 रेघा आणि 78 फेऱ्यांसाठी 77 रेघा असलेलं वर्तुळ स्थिर दिसायला हवं. हे चोकवाल्या ट्यूबलाइटखाली दिसतं. एलईडीखाली बहुधा नाही.

सुईबाबत लोक निर्धास्त असतात. 78 ची खाच रुंद, एलपीची अरुंद. सुई धरणाऱ्या जुन्या फिरत्या कार्ट्रिजला दोन बाजूंना दोन सुया असतात, ती खटकी बघून फिरवा. मोनो कार्ट्रिजने स्टिरिओ रेकॉर्ड वाजवली तर खाच खरवडली जाते, कारण त्या सुईला वरखाली हलायला पुरेशी जागा नसते. क्रिस्टल कार्ट्रिज मेलं असेल तर त्याजागी आजचं मॅग्नेटिक लावून बघू नका. त्याचा आवाज शेकडो पट कमी, तुमचा सेट ऐकणारच नाही. सिरॅमिकच शोधा. शोधताना "रेडिओग्राम" हाच शब्द टाका. इंग्लंडात स्टिरिओ सेटला "स्टिरिओग्राम" म्हणत, पण तो शब्द टाकला की टक लावून बघितलं की आत लपलेला आकार दिसणारी ठिपक्यांची चित्रं समोर येतात. भाची त्यात रमली, मला काहीच दिसलं नाही.

78 च्या रेकॉर्ड लाखेच्या. त्या स्पिरिटने पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ फडकं, आणि लेबल कोरडं. एप्रिलच्या सोलापुरात त्या गच्चीकडच्या खोलीत आडव्या रचून ठेवाल तर मेच्या आत बशा होतील.

लाकडावर पाणी मारू नका, विनिअर, म्हणजे वरचा पातळ लाकडी थर, फुगून सुटतं. सुताराला "नव्यासारखं करा" एवढंच सांगू नका. तो घासून चकचकीत करून देईल आणि पेटी कालच दुकानातून आणल्यासारखी दिसेल. वाळवी मात्र आधी मारा. गॅरेजच्या हवेच्या पाइपने धूळ उडवायचाही मोह होतो, पण स्टेशन लावताना फिरणाऱ्या ट्यूनिंगच्या गँगच्या पातळ पात्या वाकल्या की स्टेशनं सरकतात. आणि चालू सेटवर सोलापुरी चादर टाकू नका, कितीही शोभून दिसली तरी. मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर जायला वाट लागते.

मीडियम वेव्ह लावून फक्त खरखर आली तर सेटला दोष देण्याआधी घरातले मोबाइलचे चार्जर आणि एलईडी बंद करून बघा. खरखर अर्ध्यावर येते. मग एरियल म्हणून खिडकीबाहेर दहा-पंधरा फूट वायर सोडा.

शेवटची चूक माझी, आणि ती सुधारता आली नाही. डायलची काच मळली होती म्हणून आतल्या बाजूने ओल्या फडक्याने पुसली. स्टेशनांची नावं त्याच बाजूला छापलेली असतात. दिल्ली अर्धी गेली, कोलंबो पूर्ण. मामा अजूनही येतात, चहा होईपर्यंत बटण फिरवत बसतात, आणि काटा त्या कोऱ्या जागेवर आणून थांबतात.