मुरगाव बंदरातली ३५ मिनिटं गुगल अर्थवर कशी मांडाल?

गोव्यात दोनापावलाच्या जेटीवर उभं राहिलं की पाण्यापलीकडे मुरगाव बंदराच्या क्रेन दिसतात. गोवा मुक्तीच्या लढाईत, १८ डिसेंबर १९६१ रोजी भरदुपारी इथेच तोफा धडधडत होत्या. एका बाजूला ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या आपल्या फ्रिगेट (युद्धनौका), दुसऱ्या बाजूला पोर्तुगीजांची ‘अफोन्सो द अल्बुकर्क’. हवी तशी फिरवून, थांबवून बघता येईल अशी ही लढाई घरच्या कॉम्प्युटरवर मांडता येते. गुगल अर्थ प्रो पुरेसं आहे आणि ते फुकट मिळतं. फक्त कॉम्प्युटरवरचंच घ्या, मोबाइलवर पुढचं सगळं जमत नाही.

सुरुवात जहाजांपासून करू नका. आधी ‘माय प्लेसेस’मध्ये दोन फोल्डर करा: एक भारतीय बाजूचा, एक पोर्तुगीज बाजूचा. प्रत्येक नोंद ज्याने सांगितली त्याच्याच फोल्डरमध्ये टाकायची. हा आळस केलात तर पुढे काहीच सुटं करता येत नाही.

मग जमीन. पडद्यावर दिसतं ते आजचं बंदर. १९६१ नंतर धक्के वाढलेत, जुवारी नदीवर पूल आलेत. जुना सागरी नकाशा स्कॅन केलेला मिळाला तर ‘अ‍ॅड इमेज ओव्हरले’ने तो वर पसरा, अर्धपारदर्शक करा आणि आग्वाद, काबो, मुरगाव ही तीन टोकं जुळेपर्यंत ओढत राहा. टोकं हलत नाहीत, धक्के हलतात.

आता वेळ, कारण खरी गंमत इथेच आहे. पोर्तुगीज बाजूच्या वर्णनात मिनिटं दिलेली आहेत. १२:०० ला मारा सुरू, ‘अल्बुकर्क’ने नांगर उचलून उलट मारा केला, १२:१५ ला तिच्या नियंत्रण मनोऱ्यावर गोळा बसला, १२:२५ च्या स्फोटात तिचे कमांडर आरागांव गंभीर जखमी झाले, १२:३५ ला जहाज पूर्ण वळून किनाऱ्याच्या वाळूत घुसलं. प्रत्येक प्रसंगासाठी एक खूण (‘प्लेसमार्क’) लावा. तिच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘व्ह्यू’ टॅबवर ‘टाइम स्टॅम्प’ भरा, की वर घडीची पट्टी उगवते. नेमकं मिनिट मिळत नसेल तिथे ‘टाइम स्पॅन’ वापरा, उगाच आकडा ठोकू नका.

जहाज रुतलं कुठे? काही वर्णनांत बांबोळी, काहींत दोनापावला. दोन्ही खुणा ठेवा.

तोफांसाठी ‘रूलर’मधलं वर्तुळ घ्या. ‘बेतवा’ आणि ‘बियास’च्या साडेचार इंची तोफांचा पल्ला पंधरा किलोमीटरहून जास्त. वर्तुळ काढलंत की कळतं, बंदरात लपायला जागाच नव्हती. शिवाय ‘अल्बुकर्क’ १९३५ साली सेवेत आलेली, या दोघी १९६० च्या. ही वर्षं जहाजांच्या खुणेतच लिहून टाका. नंतर कॅमेरा खाली आणून ‘अल्बुकर्क’च्या डेकच्या उंचीवर टेकवा आणि समुद्राकडे बघा. वरून ऐसपैस वाटणारं पाणी तिथून भलतंच अरुंद दिसतं.

शेवटी ‘रेकॉर्ड अ टूर’ दाबून आपल्या आवाजात फेरी रेकॉर्ड करा. सेव्ह करताना केएमझेड निवडा, म्हणजे फोटोही त्याच फाइलमध्ये बांधले जातात. मी पहिल्यांदा केएमएल, म्हणजे फोटो आत न घेणारी फाइल, पाठवली. फोटो सगळे माझ्याच कॉम्प्युटरवर राहिले आणि वास्कोतल्या भाच्याला नुसत्या रिकाम्या चौकटी दिसल्या.

एक खूण मात्र फक्त पोर्तुगीज फोल्डरमध्ये जाईल: पांढरं निशाण. ते वर चढवलं होतं, पण वाऱ्याने डोलकाठीला गुंडाळलं गेलं आणि भारतीय जहाजांना दिसलं नाही, असं ते वर्णन सांगतं. हा फोल्डर बंद करून घडी पुन्हा १२:३५ वर आणा. निशाण नाही, ‘बेतवा’वरच्या तोफचींना दिसत होतं ते एवढंच.