विहिरीचं पाणी पिताय? मग या चुका टाळा

"पाणी नितळ आहे, चव गोड आहे, आजोबांपासून हेच पितोय." हे ऐकून ऐकून कान किटले. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आर्सेनिकसारखं विष किंवा खतांतून, मैल्यातून झिरपणारा नायट्रेट हा क्षार चवीवरून कळत नाही. एवढं सांगितलं की समोरच्याच्या खिशातून टीडीएस मीटर निघतो!

या मीटरवर माझा विशेष राग आहे. पाण्यात क्षार साधारण किती विरघळलेत, एवढंच तो सांगतो. आकडा १५० आला तरी त्याच पाण्यात मैल्याचे जंतू असू शकतात. त्यासाठी प्रयोगशाळेत ई. कोलाय हा मैल्यातला जंतू तपासावा लागतो आणि १०० मिलिलिटर पाण्यात तो अजिबात सापडता कामा नये. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्या, थंड ठेवा आणि २४ तासांच्या आत पोचवा. शीतपेयाच्या जुन्या बाटलीत पाणी नेलंत तर तपासणी विहिरीची नव्हे, बाटलीची होते.

दुसरी चूक ब्लीचिंग पावडरची. ओंजळभर वरून फेकली की झालं, असा समज. ओळखीच्या एका घरी पावसाळ्यात सगळ्यांची पोटं बिघडली. घरमालक नेमाने पावडर टाकत होते, तीही सढळ हाताने. जाऊन बघितलं तर पोतं पडवीत उघडं, पावडरीचे ओलसर गोळे झालेले आणि वासाचा पत्ता नाही. क्लोरीन केव्हाच उडून गेलेलं, विहिरीत पडत होता तो जवळजवळ नुसता चुना. ताजी पावडर आणली, तरी तासाभराने पाण्यात क्लोरीन उरेना. मग विहिरीभोवती फिरलो. कपडे धुवायच्या दगडालगत ओट्याला बोटभर भेग होती. तिच्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि आत वाकून पाहिलं, तर थोड्याच वेळात दगडांच्या सांध्यांतून फेस उतरायला लागला. भेग बुजवली, सांडपाण्याची नाली लांब काढली, तेव्हा कुठे पावडर लागू पडली.

माझी पद्धत अशी. गोल विहिरीच्या व्यासाचा मीटरमध्ये वर्ग करायचा, त्याला ०.७८५ ने आणि मग पाण्याच्या खोलीने गुणायचं. व्यास ३ आणि खोली ४ मीटर असेल तर साधारण २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला दर हजार लिटरमागे अडीच ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे इथे ७० ग्रॅम. ती आधी थोड्या पाण्यात कालवायची, बादली भरायची, दहाएक मिनिटं चुना खाली बसू द्यायचा. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्यात सोडायची आणि वरखाली हलवायची. त्यानंतर तासभर कुणी पाणी भरायचं नाही. मग किटने तपासायचं, लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. नाही उरलं तर डोस वाढवायचा, पण आधी घाण कुठून येतेय ते शोधायचं. पाणी गढूळ असेल तर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून आधी ते निवळू द्यावं. एवढं गणित करायचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

पोहरा जमिनीवर टेकवू नका. टांगायला खुंटी ठोका.

शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. खडक भेगाळ असेल तर तेवढंही अंतर पुरत नाही.

जाळी म्हणजे झाकण नव्हे. पक्ष्यांची विष्ठा जाळीतून खाली पडतेच.

आणि "उकळून पितो, मग काय भीती?" खळखळून उकळलं की जंतू मरतात, हे खरं. नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतच जातं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. विहिरीच्या पाण्यात त्याहून जास्त निघालं तर बाटलीने दूध पिणाऱ्या बाळासाठी ते वापरू नका, दुसरीकडचं पाणी आणा. पावसाळा संपला की वर्षातून एकदा नायट्रेटचीही तपासणी करून घ्या.