समुद्राकाठच्या घराला ब्लाइंड्स लावताय? या चुका टाळा

गेल्या श्रावणात मांडवीकडच्या एका फ्लॅटमधून बोलावणं आलं. हॉलला पांढरे रोलर ब्लाइंड्स, लावून दोन वर्षंही झाली नव्हती. कापड उत्तम, कुठे एक धागा निघालेला नाही. पण खालच्या शिवणीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चहा सांडल्यासारखी तपकिरी रेघ. घरच्या काकूंनी ती तीनदा धुऊन काढली होती आणि तीनदा ती परत आली होती. मी खालच्या पट्टीचं प्लास्टिकचं टोपण काढलं आणि आतली पट्टी ओढायला लागले. ती सरळ निघेना. निघाली तेव्हा तिचे पोपडे माझ्या तळहातावर गळून पडले. कापड ताठ राहावं म्हणून वजनाला घातलेली ती साधी लोखंडी पट्टी होती. डाग बाहेरून लागतच नव्हता, आतून पाझरत होता.

रत्नागिरीत पडदे आणि ब्लाइंड्सचं काम करताना मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता नवीन गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हेच सांगते: समुद्राजवळ ब्लाइंड कापडापासून खराब होत नाही, लोखंडापासून होतो. पण दुकानात आल्या आल्या सगळे मागतात तो कापडाचा कॅटलॉग. दोन तास रंग बघण्यात जातात आणि स्क्रू कुठला लावणार हे कोणी विचारत नाही.

खारं वारं म्हणजे नुसती दमट हवा नव्हे. लाटा फुटताना उडालेले बारीक थेंब वाऱ्याबरोबर घरात येतात, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. म्हणजे पावसाचा एक थेंब आत आलेला नसतानाही ब्रॅकेटवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसलेला असतो. पावसाळ्यात तो दिवसरात्र असतो, एरवीही पहाटे असतोच. खिडकीच्या काचेवरून ओलं बोट फिरवा आणि जिभेला लावून पाहा, चव कळेल.

लोखंडाची चौकशी आधी

ऑर्डर देण्याआधी दुकानदाराला पाच गोष्टी विचारा. वरची नळी कशाची, ब्रॅकेट कशाचे, साखळी कशाची, खालच्या पट्टीत वजन कशाचं आणि स्क्रू कुठले. नळी आणि खालची पट्टी अॅल्युमिनियमचीच घ्या. जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, नळी स्वस्त पडते, पण ती तुमच्या मापाला कापली जाते तेव्हा कापलेल्या टोकांवरचा जस्ताचा मुलामा जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. वर सगळं चकचकीत दिसतं आणि टोपणाच्या आत नळी कुरतडली जात असते. मण्यांची साखळी निकेलचा मुलामा दिलेली असेल तर एका पावसाळ्यात काळवंडते आणि भिंतीवर डाग सोडते. तिथे प्लास्टिकची साखळी जास्त टिकते. ती दिसायला साधी असली तरी मी माझ्या स्वतःच्या घरात तीच लावली आहे.

'मॅडम, सगळं एसएस (स्टेनलेस स्टील) आहे' या वाक्यावर थांबू नका. बाजारात एसएस म्हणून २०२, ३०४ आणि ३१६ असे तीन प्रकार मिळतात. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, समुद्राजवळ त्याच्यावर गंजाचे ठिपके लवकर उठतात. ३०४ घराच्या आत, लाटांपासून जरा लांब असलेल्या घरांत चालून जातं. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाला तोंड देतं ते त्यामुळेच. समुद्रासमोरच्या पहिल्या रांगेतल्या घराला आणि गॅलरीत उघड्यावर लावायच्या ब्लाइंडला ३१६च हवं.

बरेच जण खिशात लोहचुंबक घेऊन येतात. चिकटलं नाही की अस्सल, असा समज आहे. पण चुंबकाने हे तिन्ही प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत, कारण तिन्हींना ते जवळपास सारखंच चिकटत नाही. स्क्रूच्या डबीवर काय लिहिलंय ते बघा: ए२ म्हणजे ३०४च्या जातीचं, ए४ म्हणजे ३१६च्या. एका खिडकीला चार ते सहा स्क्रू लागतात. ब्लाइंडच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य आहे आणि तरी सगळ्यात जास्त कंजुषी इथेच होते. कारागीर पिशवीतून काळे ड्रायवॉल स्क्रू काढताना दिसला तर त्याला तिथेच थांबवा.

अजून एक बारीक गोष्ट. स्टीलचा स्क्रू आणि अॅल्युमिनियमचा ब्रॅकेट यांच्यामध्ये खारं पाणी आलं की अॅल्युमिनियम झिजायला लागतं, भोकाभोवती पांढरी भुकटी दिसते. स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घातला की या दोन धातूंची गाठ बरीच कमी पडते.

माप: सर्वांत महाग चूक

मापावर बनवलेला ब्लाइंड परत घेतला जात नाही, म्हणून इथे घाई नको.

पहिला प्रश्न, ब्लाइंड चौकटीच्या आत बसणार की बाहेर भिंतीवर? आत बसवायचा असेल तर रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी येईल ती धरा. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक आला तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही, आणि जुन्या कोकणी घरांत ती बहुधा नसतेच. अशा खिडकीला आतला ब्लाइंड एका कोपऱ्यात घासतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात फट सोडतो. तिथे सरळ बाहेरून लावा, दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन इंच जास्त घेऊन.

दुसरी गफलत बोलण्यातली आहे. तुम्ही दिलेलं माप चौकटीचं आहे की तयार ब्लाइंडचं, हे लिहून द्या. चौकटीचं माप दिलं की कारखाना स्वतः थोडी सूट कापतो. तुम्ही आधीच कापून दिली असेल तर ती दोनदा कापली जाते. उलटंही होतं, दोघांपैकी कोणीच कापत नाही आणि मग ब्लाइंड चौकटीत शिरतच नाही. सुतार सुतात मोजतो, कारखाना मिलिमीटरमध्ये. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. आतल्या ब्लाइंडला दोन सुतांची चूकसुद्धा पुरते. म्हणून पहिल्यापासून मिलिमीटरमध्येच मोजा, आणि कापडी नव्हे, स्टीलच्या टेपने.

रोलरमध्ये कापडाची रुंदी ब्रॅकेटसकट मापापेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी असते. दोन्ही बाजूंनी बोटभर उजेड येणारच. पश्चिमेच्या बेडरूममध्ये संध्याकाळी पाच वाजता तीच फट डोळ्यांवर येते आणि मग फोन येतो की ब्लाइंड छोटा झाला. तो छोटा झालेला नसतो, ही गोष्ट आधी सांगितली गेलेली नसते.

आणि जाळी! आपल्याकडे खिडकीची झडप बाहेर उघडते, मधे गज किंवा ग्रिल, आणि डासांची जाळी आत उघडते. आतून लावलेला ब्लाइंड खाली असला की जाळी उघडत नाही. खिडकीचं माप घेताना सगळ्या झडपा आणि जाळ्या एकदा पूर्ण उघडून, हँडल फिरवून बघा. हे दोन मिनिटांचं काम आहे.

चिऱ्याची भिंत

नवीन इमारतीत खिडकीच्या वर काँक्रीटचं लिंटल, म्हणजे आडवी तुळई, असतं, तिथे हॅमर ड्रिल आणि चांगला प्लग असला की प्रश्न मिटतो. चिऱ्याच्या भिंतीला हीच रीत वापरली की काम फसतं. चिरा म्हणजे जांभा दगड, तो मऊ आणि सच्छिद्र असतो. हॅमर लावला की सहा मिलिमीटरचं भोक आत जाऊन आठ-नऊचं होतं, प्लग आत गोल फिरत राहतो, आणि कारागीर त्यात काडेपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू आवळतो. पहिल्या पावसाळ्यापर्यंत तो धरतो. मग भिंत ओल धरते, काड्या कुजतात, आणि एका रात्री खिडकी उघडी राहिलेली असताना वाऱ्याने अख्खा ब्लाइंड गिलाव्यासकट खाली येतो. भाट्याच्या पलीकडे एका घरी मी असा पडलेला ब्लाइंड उचलला आहे. सुदैवाने खाली कोणी झोपलेलं नव्हतं.

चिऱ्यात हॅमर बंद करून नुसतं फिरवून भोक पाडा. भोकातली लाल माती फुंकून पूर्ण काढा. प्लग लांब घ्या, गिलावा ओलांडून दगडात निदान दोन इंच गेला पाहिजे. ब्लाइंड जड असेल तर प्लगच्या भरवशावर राहू नका, केमिकल अँकर वापरा, म्हणजे भोकात रसायन भरून घट्ट चिकटवलेला बोल्ट. नाहीतर लाकडी चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडातच ब्रॅकेट बसवा. सागाची किंवा फणसाची जुनी चौकट असेल तर तिच्याइतकी पकड दुसऱ्या कशालाच नाही.

आता कापड

सुती रोमन ब्लाइंड, ज्यूट, लाकडी पट्ट्यांचे व्हेनेशियन: तिन्ही सुंदर, तिन्ही पुण्याला शोभणारे. इथे सुती अस्तरावर जुलैपर्यंत काळे ठिपके येतात आणि लाकडी पट्ट्या फुगून वाकतात. पॉलिस्टरच्या धाग्यावर बुरशी पोसली जात नाही, पण धागा धुळीने माखला तर त्या धुळीवर ती येतेच. लाकडाचं रूप हवंच असेल तर पीव्हीसीच्या पट्ट्या घ्या, मात्र पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला नको. उन्हाने त्या मधे झोल खातात.

समुद्र दिसलाही पाहिजे आणि ऊनही नको, असं सगळेच म्हणतात. त्यासाठी सनस्क्रीन कापड आहे. त्यात किती टक्के भाग उघडा ते लिहिलेलं असतं: एक, तीन, पाच, दहा. पश्चिमेला तीन टक्के पुरे, उत्तरेला पाच चालेल. रंगाबद्दल लोकांना खरं वाटत नाही, पण गडद कापडातून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं. फिकटं कापड उष्णता जास्त परतवतं, पण उजेडाने स्वतःच झगमगतं आणि समुद्र धूसर होतो. नमुना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली बघू नका. घरी आणा आणि संध्याकाळी काचेला लावून बघा. रात्री दिवे लावले की या कापडातून बाहेरच्याला आतलं दिसतं, तेव्हा झोपायच्या खोलीला ते एकटं पुरत नाही.

सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही, हेही लक्षात असू द्या. रत्नागिरीच्या अक्षांशावर डिसेंबरात तो पश्चिमेच्या जवळपास २४ अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. मे महिन्यात घर घेतलेल्यांना नैर्ऋत्येच्या खिडकीचा त्रास थंडीत कळतो.

पडवी आणि गॅलरी

आपल्या आजी-आजोबांच्या काळी पावसाळ्याआधी पडवीला चुडतांचे, म्हणजे नारळाच्या झावळ्यांचे, झाप बांधले जायचे. झड अडवायची, चार महिने काढायचे, मग झाप सोडून टाकायचे. पावसाच्या तोंडावर जे असतं ते दरवर्षी बदलायचंच असतं, हे त्या पद्धतीत गृहीत होतं. आपण पीव्हीसीचा बाहेरचा ब्लाइंड लावतो आणि तो दहा वर्षं टिकेल असं समजतो.

हा ब्लाइंड झड अडवतो, वादळ अडवत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीला घासून गेलं. खाली सोडलेला ब्लाइंड अशा वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि ब्रॅकेटसकट ओढला जातो. वादळाचा इशारा आला की गुंडाळा, दोरीने बांधा. एरवीसाठी बाजूला चॅनेल किंवा ताणलेली स्टीलची तार असलेलाच घ्या, मोकळा लोंबणारा नको. मोटरचा घेत असाल तर हाताने उचलायची सोय आहे का ते पाहा, कारण वादळात आधी वीज जाते.

बंद राहणारी घरं

नागाव, किहीम, हर्णै, तारकर्ली. सुट्टीपुरती उघडणारी घरं. जूनमध्ये खिडक्या बंद, ब्लाइंड पूर्ण गुंडाळलेले, आणि थेट दिवाळीला कुलूप उघडतं. गुंडाळीच्या आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही, आणि कापड उलगडलं की नकाशासारखे डाग दिसतात. कुलूप लावण्याआधी ब्लाइंड ओल्या फडक्याने पुसा, मीठ निघू द्या, पूर्ण वाळवा, आणि मग अर्धा खाली सोडून ठेवा. मधे एकदा कोणाला तरी खिडक्या उघडायला सांगा. डाग आलेच तर सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. ब्लीच नको, त्यातला क्लोरीन अॅल्युमिनियमलाही खातो आणि कापडाच्या लेपालाही.

नेहमीच्या तक्रारी

कापड गुंडाळताना एका बाजूला सरकत असेल तर आधी नळीवर स्पिरिट लेव्हल ठेवा. नळी तिरकी असेल तर खाली गेलेला ब्रॅकेट थोडा वर घेऊन ती सरळ करा. नळी सरळ असूनही सरकत असेल तर कापड पूर्ण खाली सोडा आणि ज्या बाजूला सरकतंय त्याच्या उलट टोकाला नळीवर मास्किंग टेपचा एक तुकडा लावा. पुरला नाही तर त्यावर दुसरा.

साखळी जड झाली की घरोघरी शिवणयंत्राचं तेल किंवा खोबरेल घातलं जातं. दोन दिवस छान चालते, मग त्या तेलावर मीठ-धूळ बसून चिखल होतो. आधी टोकाचं यंत्र गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, वाळवा, आणि कोरड्या सिलिकॉनचा फवारा मारा.

आणि साखळीचा फास. घरात लहान मूल असो वा सुट्टीत येणारी नातवंडं असोत, लोंबती साखळी गळ्यात अडकू शकते. ती भिंतीला ताणून धरणारा छोटा क्लिप ब्लाइंडबरोबर येतो आणि बऱ्याचदा खोक्यातच राहतो, कारण त्यासाठी एक भोक जास्त पाडावं लागतं. कारागीर शिडी आवरायला लागला की खोकं उलटं करून बघा, आणि तो क्लिप बसवून झाल्याशिवाय पैसे देऊ नका.