घरी अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं दुखणं कसं सांभाळायचं आणि त्याला झोप कशी मिळवून द्यायची

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, म्हणजे खुब्याचं ऑपरेशन झालेली आजी असेल, कॅन्सरचे वडील असतील नाहीतर लकवा मारलेले काका, तर त्यांचं रोजचं करणाऱ्या माणसासाठी हे लिहितेय. मी सर्जिकल आणि कॅन्सर दोन्ही वॉर्डांत सिस्टर म्हणून काम केलंय. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांच्या हातात फाइल येते, गोळ्यांची पिशवी येते, पण दुखणं रोज सांभाळायचं कसं हे बसून सांगायला कुणाकडे वेळच नसतो. एक गोष्ट आधीच सांगते, दुखणं असह्य झाल्यावर गोळी द्यायची हा आपल्याकडचा जो शिरस्ता आहे ना तो सोडायचा. डॉक्टरांनी ठरलेल्या वेळेला लिहून दिलेली गोळी त्या वेळेलाच द्यायची, मग त्या घडीला पेशंट "आत्ता बरं वाटतंय" म्हणाला तरी, कारण बरं वाटतंय ते आधीच्या डोसमुळे, आणि दुखणं एकदा वर चढलं की खाली आणायला जास्त औषध लागतं, वेळही जास्त जातो.

पहिलं काम म्हणजे विचारायचं. "दुखतंय का?" विचारलं की आपली जुनी माणसं "नाही गं, ठीक आहे" असंच म्हणतात, पोरांना त्रास नको, खर्च नको, दुखणं म्हटलं की सोसायचंच असतं असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून हो-नाहीवर सोडायचं नाही. हॉस्पिटलात आम्ही शून्य ते दहा आकडा विचारतो, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही, पण कितीतरी आज्यांना हा आकडा कळतच नाही, त्यांना रुपयातले आणे विचारा. "काल सोळा आणे होतं, आता बारा आणे आहे" असं त्या बरोबर सांगतात. पद्धत कुठलीही चालेल, फक्त रोज तीच ठेवा. बसल्यावर किती, कूस बदलताना किती, खोकताना किती हे वेगवेगळं विचारायचं, कारण निपचित पडलेल्या माणसाला चार आणे असतं आणि जरा हलवलं की चौदा आणे होतं.

दुसरं, कसं दुखतंय ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. ठणकतंय, चमक निघते, आग होते, मुंग्या येतात, पोटात कळ येऊन जाते, ही सगळी वेगळी दुखणी आहेत. आग, मुंग्या, करंट लागल्यासारखी चमक असं पेशंट म्हणत असेल तर बऱ्याचदा ते नसेचं दुखणं असतं आणि त्याला नेहमीच्या पेनकिलरने फारसा फरक पडत नाही, त्याची औषधं वेगळी असतात, गॅबापेंटिन, प्रिगाबालिन अशी. तुम्ही डॉक्टरांना नुसतं "पाय दुखतोय" सांगितलं तर हे सुटून जातं, "पायाची आग होते, चादर लागली तरी सहन होत नाही" असं सांगितलंत तर औषध बदलतं. वहीत वेळ, किती आणे, कुठं, कसं, काय दिलं आणि तासाभराने किती उरलं, एवढं लिहिलं की पुरे. तासाभरानंतरचा आकडा लोक हमखास विसरतात आणि डॉक्टरांना खरा उपयोग त्याचाच होतो.

ज्यांना बोलता येत नाही, डिमेन्शिया आहे किंवा लकव्याने वाचा गेलीय, त्यांच्याबाबतीत फार जपून राहा. जगभरच्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा सोबतच्या टिपांत हेही स्पष्ट लिहिलं की बोलून सांगता येत नाही याचा अर्थ माणसाला दुखत नाही असा होत नाही. अशा पेशंटकडे पाच मिनिटं नीट बघायचं. श्वास कसा चाललाय, कण्हतायत का, कपाळाला आठ्या आहेत का, मुठी आवळल्यात का किंवा पाय पोटाशी घेतलेत का, आणि जवळ बसून हात फिरवला तर शांत होतात का. या पाचही गोष्टींना शून्य, एक किंवा दोन मार्क द्यायचे, म्हणजे एकूण दहापैकी, जितके मार्क जास्त तितकं दुखणं जास्त. अंघोळीच्या वेळी मारायला उठतात, जेवण ढकलून देतात, रात्री ओरडतात, अशा आजोबांना घरचे "आता फार चिडके झालेत" म्हणतात आणि खरं तर त्यांचा खांदा दुखत असतो. त्यामुळे स्वभाव अचानक बदलला की आधी दुखणं शोधा.

आता गोळ्यांबद्दल. पॅरासिटामॉल साधं वाटतं पण वेळच्या वेळी दिलं तर चांगलं काम करतं. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि पेशंट वाळलेला, म्हातारा किंवा लिव्हरचा असेल तर मर्यादा याहून कमी, ती डॉक्टरांनाच विचारा. डोलो काय आणि क्रोसिन काय, आत पॅरासिटामॉलच असतं, सर्दीच्या कितीतरी गोळ्यांतही असतं, त्यामुळे एकाने सकाळी हे दिलं, दुसऱ्याने दुपारी ते दिलं असं करत नकळत डबल डोस जातो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या किडनीच्या, अल्सरच्या, हार्टच्या पेशंटला मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून देऊ नका. एखादा डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दोन एकदम द्यायचे नाहीत. आणि ठरलेल्या डोसच्या मध्ये देण्यासाठी जी एसओएस गोळी लिहिलेली असते ती रोजच दोनतीनदा लागत असेल तर मूळ डोस पुरत नाहीये, तेव्हा डॉक्टरांना कळवायचं.

मॉर्फिनवर जरा जास्त बोलते कारण इथे लोक फार घाबरतात. "मॉर्फिन सुरू केलं म्हणजे आता संपलंच" आणि "सवय लागेल", ही दोन वाक्यं सारखी ऐकू येतात आणि या भीतीपायी कॅन्सरचे पेशंट रात्र रात्र तळमळत काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांच्या पायऱ्या आखून दिल्या, त्यात जोरदार वेदनेसाठी मॉर्फिन तेव्हापासून आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणं फार अवघड झालं होतं, २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन नियम सोपे झाले, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही, मान्यता असलेल्या हॉस्पिटलमधूनच घ्यावं लागतं. म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच सोय करून ठेवा. साधी गोळी साधारण चार तास पुरते. पहिले दोनतीन दिवस गुंगी येते, मळमळतं, ते बहुतेकांचं कमी होतं, बद्धकोष्ठता मात्र आपोआप कमी होत नाही, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासूनच लागतं, लिहून दिलं नसेल तर मागून घ्या. गोळ्या कुलपात ठेवा आणि शेजारच्या कुणाला "खूप दुखतंय" म्हणून यातली गोळी अजिबात देऊ नका. पेशंट हलवूनही उठत नाही, श्वास मिनिटाला आठच्या खाली गेलाय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात असं दिसलं तर पुढचा डोस न देता ताबडतोब हॉस्पिटल.

कातडीवर चिकटवायचा वेदनेच्या औषधाचा पॅच लावला असेल तर तो बहुतेक ७२ तासांचा असतो, मधेच कापायचा नाही आणि त्यावर गरम पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध जास्त शिरतं.

गोळीइतकंच काम हातांचंही असतं. स्पंजिंग, ड्रेसिंग, फिजिओ, कूस बदलणं, हे सगळं गोळी देऊन पाऊण ते एक तासाने करा. बऱ्याच घरांत सकाळी उठल्या उठल्या अंग पुसून घेतात आणि नाश्त्यानंतर गोळी देतात, हा क्रम फक्त उलटा करा आणि फरक बघा (रिकाम्या पोटी चालणारी गोळी आहे का तेवढं विचारून घ्या). कूस बदलताना बगलेत हात घालून ओढायचं नाही. पाठीपासून मांडीपर्यंत चादरीची दुहेरी घडी घाला, दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलून सरकवा. आधी सांगायचं, "आई, आता डावीकडे वळवतोय", तीन म्हणायचं आणि मगच वळवायचं, अचानक हलवलं की माणूस अंग आखडून घेतो आणि जास्त दुखतं. पूर्ण आडवं कुशीवर करण्यापेक्षा पाठीमागे उशी देऊन ३० अंशच कलतं ठेवा, गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, आणि पोटरीखाली उशी अशी की टाच गादीला टेकणारच नाही. साधारण दर दोन तासांनी बाजू बदला, एअर बेड असला तरी बदलावीच लागते. बसायला टायरसारखी गोल रिंग देतात ती नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो. माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर रोज बघा, लाल जागा बोटाने दाबून पांढरी होत नसेल तर जखमेची सुरुवात झालीय, तिथे चोळायचं नाही, स्पिरिट-पावडर लावायची नाही, त्या जागेवर भारच येऊ द्यायचा नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का.

पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी, सिझेरियनच्या बायकांनीसुद्धा, खोकताना उशी पोटावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून हाताच्या आधाराने.

शेक द्यायचा तर पिशवी नॅपकिनात गुंडाळून पंधरावीस मिनिटं, पण ज्यांचे पाय शुगरमुळे बधिर झालेत त्यांना अजिबात नको, भाजलेलं त्यांना कळत नाही. ताज्या मुक्या मारावर, सुजेवर शेक नाही, बर्फ. आणि एकच पाय सुजलाय, गरम लागतोय तर तेल लावून चोळू नका, आत रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

आता झोप. दुखणाऱ्या माणसाला झोप लागत नाही आणि झोप नसलेल्याला दुखणं जास्त जाणवतं, हे दोन्ही एकदम धरावं लागतं. रात्री तळमळ सुरू झाली की झोपेची गोळी मागण्याआधी एवढं बघा: लघवी तुंबलीय का, ओटीपोट फुगलंय का, कॅथेटरची नळी अंगाखाली दबलीय का, संडास किती दिवसांपूर्वी झाली, डायपर ओला आहे का, चादरीला चुण्या किंवा बिस्किटाचा चुरा आहे का, तोंड कोरडं पडलंय का. म्हाताऱ्या माणसांत रात्रीच्या निम्म्या अस्वस्थतेचं कारण इथेच सापडतं असं माझं मत. लघवीची गोळी सकाळी द्यायची आहे की रात्री ते डॉक्टरांना विचारा, रात्री दिली तर सारखी जाग. रात्रीची सगळी कामं एकत्र करा, म्हणजे बारा वाजता उठवलंच आहे तर कूस, पाणी, डायपर, गोळी सगळं त्याच वेळी, आणि मग सलग झोपू द्या. दिवसा पडदे उघडे, चष्मा आणि कानाचं मशीन लावलेलं, रात्री छोटा बल्ब, टीव्ही बंद.

आणि भेटायला येणारे. नातेवाइकांचा जीव असतो म्हणूनच येतात, पण दुपारभर दहा जण खाटेभोवती बसून कुणाचं काय झालं ते सांगत असतात आणि पेशंट डोळे मिटून हसत राहतो. स्पष्ट सांगा की संध्याकाळी पाच ते सहा या, दोघं दोघं या, वाईट वाटलं तरी चालेल. त्यापेक्षा रोज कुणीतरी एकाने अर्धा तास गप्प बसून हात धरला, हळू आवाजात अभंग लावला, पाय दाबले, तर जास्त आराम पडतो. लंडनमध्ये १९६७ साली हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटची वेदना सांभाळणारी जागा, सुरू करणाऱ्या सिसली सॉंडर्स सांगायच्या की वेदना नुसती शरीराची नसते, मनाची, घरच्यांच्या काळजीची, पैशाची, देवाशी असलेल्या भांडणाचीही असते. वडिलांना गोळी देऊनही दुखणं हटत नसेल तर एकदा विचारून बघा, "बाबा, कशाची काळजी वाटतेय?" धाकटीच्या लग्नाची, कर्जाची गोष्ट निघते आणि बोलून झालं की बरेचदा त्या रात्री झोप लागते. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस तेच, आणि आता बऱ्याच शहरांत पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्याच्या उपचारांच्या, टीम घरी येऊन बघतात, तुमच्या कॅन्सर हॉस्पिटलात चौकशी करा आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, त्यांचा उपयोग कितीतरी आधीपासून होतो.

काही दुखणी मात्र घरी सांभाळायची नसतात. छातीत अचानक दुखलं आणि घाम फुटला, पोट लाकडासारखं कडक झालं, किंवा कॅन्सरच्या पेशंटची पाठ नव्याने दुखायला लागली आणि सोबत पायातली ताकद गेली किंवा लघवी थांबली, तर सकाळची वाट न बघता निघा, शेवटच्यात मणक्यातली नस दबलेली असू शकते आणि उशीर झाला तर पाय परत येत नाहीत. फोन करताना वही हातात घ्या आणि कधीपासून, कुठं, किती आणे, शेवटचा डोस कुठला आणि किती वाजता दिला ते वाचून सांगा.