झाडाच्या पाटीवर शास्त्रीय नाव लिहिताना

झाड नीट ओळखलंय, पत्रा कापून झालाय, रंगारी ठरलाय असं धरून चालतो. पाटी खिळ्याने ठोकू नका, तारेने सैल बांधा.

नाव दोन शब्दांचं: आधी प्रजाती (जीनस), मग जाती (स्पीशीज). वर्तमानपत्रांत हल्ली जातीलाच 'प्रजाती' म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका. पाठ्यपुस्तकातली कुल, प्रजाती, जाती ही उतरंडच बरोबर आहे. रोमन लिपीत पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं मोठं, बाकी सगळी लहान; पूर्ण नाव तिरक्या अक्षरांत. रंगाऱ्याला कागदावर लिहून द्या.

खरी अडचण पुढे येते: आज चालू असलेलं नाव कोणतं? 'जुन्या पुस्तकातून उतरवून घ्या' हा सल्ला मला आजही ऐकू येतो आणि चीड येते. तसंच करून मी एका आवारातल्या बाभळीवर 'अकेशिया निलोटिका' अशी पाटी लावली होती. नाव त्याआधीच बदललं होतं. पाटी उतरवून पुन्हा रंगवली.

नावांची ही दोन शब्दांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1753 मध्ये बाभळीला मिमोसा निलोटिका म्हटलं, नाईल नदीवरून. पुढे ती अकेशियात गेली. ही प्रजाती फोडायची वेळ आली, तेव्हा नियमाप्रमाणे मूळ नाव तिच्या आदर्श जातीकडे, म्हणजे प्रजातीचं नाव जिच्याशी बांधलेलं असतं तिच्याकडे, राहायला हवं होतं, आणि ती जात म्हणजे बाभूळच. पण ऑस्ट्रेलियात अकेशियाच्या हजाराच्या आसपास जाती. त्यांची नावं बदलावी लागू नयेत म्हणून 2005 मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत तो मान एका ऑस्ट्रेलियन जातीला दिला गेला. 2011 मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. बाभूळ झाली व्हॅचेलिया निलोटिका, खैर झाला सेनेगालिया कटेचू. रस्त्याकडेला लावलेली बिनकाट्याची ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिसच राहिली. हा निर्णय मला पटलेला नाही. तरी पाटीवर व्हॅचेलियाच लिहितो, कारण नव्या नोंदी त्याच नावाखाली सापडतात.

म्हणून दुसरा शब्द धरून ठेवा. प्रजाती दोनदा बदलली, 'निलोटिका' टिकलं. जुनं नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' या संकेतस्थळावर टाका, आजचं नाव समोर येतं. प्रजातीच्या नावाच्या लॅटिन व्याकरणातल्या लिंगाप्रमाणे दुसऱ्या शब्दाचा शेवट बदलू शकतो, इंडिकाचं इंडिकस किंवा इंडिकम होतं. ती चूक समजून 'दुरुस्त' करू नका.

शास्त्रीय नावापुढे ते देणाऱ्याचं नाव येतं; त्यातला कंससुद्धा गाळू नका. बाभळीपुढे लिनियसचा 'एल.' कंसात येतो, कारण जातीचं नाव त्याचं; तिला व्हॅचेलियात नेणारे हर्टर आणि मॅबर्ली कंसाबाहेर. आंब्याच्या मँगिफेरा इंडिकापुढे नुसता 'एल.', कारण ते नाव लिनियसने दिलं तसंच आहे.

कडुनिंबाला दुसऱ्या शब्दाची युक्ती चालत नाही. लिनियसचं नाव मेलिया ॲझाडिराक्टा. पुढे प्रजातीच ॲझाडिराक्टा झाली, आणि वनस्पतींत तोच शब्द दोनदा घेता येत नाही, त्यामुळे तो ॲझाडिराक्टा इंडिका. प्राण्यांत असं चालतं: चितळ म्हणजे ॲक्सिस ॲक्सिस.

मराठी नाव सगळ्यात वर, ठळक, गावात म्हणतात तेच. पाटीच्या मागे नाव तपासल्याची तारीख लिहा. पुढच्या वेळी रंग देताना तिथूनच सुरुवात करायची.